चामड्याच्या जागी शिवण

बोरीच्या पुलावरून स्कूटरवर बसून आला बँजो,
आंघोळीच्या टुवालात गुंडाळलेला, तापातल्या पोरासारखा.
लोटलीचा बॉस्त्यांव हेल्मेट न काढताच म्हणाला,
पुरसो मेस्त, ह्याचं तोंड फाटलंय.

मी दारं करतो. पलंग करतो.
एकदा देवळाची पालखी दुरुस्त केली,
त्यावर अजून माझं नाव चालतं.
तोंडं शिवणं हा माझा धंदा नव्हे.
पण चामडं हातात घेतलं तेव्हा
त्यावर एक काळा डाग दिसला, वाटाण्याएवढा.
पप्पांची करंगळी, तो म्हणाला,
बत्तीस वर्षं बोटीवर, जेवणाच्या घंटेनंतर
इथेच टेकलेली.

नवं चामडं मिळेल म्हापशात, मी म्हटलं.
मिळतं. तीनदा घातलं.
जुलैत पोळी भिजावी तसं सैलावतं,
आणि मे महिन्यात इतकं ताणतं
की रात्री कपाटात एकटंच ठणकतं
आणि आई उठून बसते.

मग लाकडाचं घालूया, मी बोललो,
आणि बोलून बसलो.

फणस जड. साग हट्टी,
सागाला स्वतःचाच आवाज आवडतो.
माळ्यावर शिवणीची एक फळी होती,
सावर्ड्याच्या कुणाच्या देव्हाऱ्यातून उरलेली,
अकरा वर्षं कौलांखाली सुकलेली.
शिवण. नावातच सुई आहे,
पण तिला टाका लागत नाही.

रंधा मारत गेलो. पाच मिलिमीटर, चार.
साडेतीनला टिचकी मारली: दार.
तीनला: डबा.
आणखी एक पापुद्रा काढला तेव्हा फळी काहीतरी म्हणाली,
शेजारच्या खोलीतून कुणी ‘हां’ म्हणावं तसं.
तिथे थांबावं.
त्यापुढे नुसता कागद उरतो,
हे बापाने मला मार देऊन शिकवलंय,
एका पाटाच्या बाबतीत.

आतून दोन काड्या चिकटवल्या, जरा तिरप्या.
का, ते विचारू नका.
कडेचे चोवीस आकडे बेकार झाले,
ताणायला काही उरलंच नाही.
तरी परत बसवले, हलक्या हाताने;
रिटायर झालेले कारकून
सवयीने कचेरीच्या दारात उभे राहतात, तसे.

रविवारी बॉस्त्यांव आला, आईला घेऊन.
पहिली तार छेडली आणि त्याचा चेहरा उतरला.
‘भुंकत नाही हा.’
खरंच. पूर्वी सूर कसा,
पत्र्यावर खडे पडावेत तसा तुटून यायचा.
आता बाहेर पडायला वेळ घेत होता,
चपला शोधत असल्यासारखा,
आणि निघाल्यावरही उंबऱ्यात रेंगाळत होता.
‘हा पप्पांचा नव्हे.’

मी पैशाचं काही बोललो नाही.
त्याची आई, इस्मेनिया, शेवाळी झग्यातली,
आडव्या ठेवलेल्या चौकटीवर बसली होती.
‘वाजव,’ म्हणाली.
त्याने वाजवलं, चुकत चुकत.
‘हा माणूस सुट्टीवर आला आणि हे सुरू झालं
की मी परसात जायचे,
कोंबड्यांनी अंडी घातली का बघायला.
कोंबड्या नव्हत्याच आमच्याकडे.’
बऱ्याच वेळाने:
‘थांबलास का?’

पैसे दिले त्याने, शंभर कमी. चालवून घेतलं.
चामडं मात्र विसरून गेला,
की ठेवून गेला.
कडीसकट ते खिळ्यावर टांगलंय, करवतींच्या मध्ये,
करंगळीचा डाग वर करून.

मे महिन्यात, लाकडं तडकायच्या दिवसांत,
एका रात्री त्या बाजूने आवाज आला:
टप्.
एकदाच.
मी दिवा लावला नाही. कूस बदलून म्हटलं,
ऐकलं रे. नीज आता.
ती नदीपलीकडे झोपलीय,
तिला उठवू नकोस.