पीळ

माघ सरता सरता शेवटचा वेचा होतो.
मग चिमटा घेऊन वावरात उतरायचं,
पऱ्हाटीची मान धरून कंबर मागं टाकायची,
ती सुटते तेव्हा आपणही दोन पावलं मागं सुटतो.

पूर्वी ती चुलीला जायची.
आता घरोघरी लाल सिलिंडर,
म्हणून धुऱ्यावर ढीग, ढिगाला काडी,
आणि सावनेर रोडवर दुपारी चार वाजता
ट्रक दिवे लावून चालतात.

यंदा आम्ही सातजणींनी काडी थांबवली.
अजीजभाईनं जुन्या टाकीचा पत्रा कापून
तोंडाला रुंद, बुडाला अरुंद अशी कढई जोडून दिली.
"पुरण शिजवता का वं यात?" गाव हसलं.
कागदावर त्याचं नाव बायोचार.
आमच्या पानठेल्यावर झालं 'बायांचा चारा'.

तिची रीत उलटी.
पेटवायचं वरून.
धूर वर यायला बघतो अन् जाळातच जळून जातो.
काटक्यांवर पांढरी साय धरली
की दुसरा थर. पुन्हा साय. पुन्हा थर.
जळू द्यायचं, पण संपू द्यायचं नाही,
एवढंच तर आहे.
पहिल्या दिवशी आमची राख झाली.
दुसऱ्या दिवशी पाणी घाईनं पडलं,
आत बदामी लाकूड, कच्चं, डोळ्यांत पाणी आणणारं.
मंदा उईके म्हणाली, "भाकर बी अशीच शिकलो होतो."

बाबा बाजेवरून पाहत होते.
एकतीस वर्षं खाणीत गेलेली.
"आमी जल्मभर कोळसा वर काढला,
अन् तू त्याले मातीत घालतं?
कोळसा उगाळावा तितका काळाच, बाई."
मी दाताळं फिरवत राहिले.

तिसऱ्या दिवशी ते उठून आले, काठी टेकत.
चिमट्यानं एक तुकडा उचलला,
कढईच्या कडेवर सोडला.
ठप्प.
"थांब."
एक विडी संपेपर्यंत कुणी बोललं नाही.
दुसरा सोडला.
खण्ण.
"बोलला. टाक पाणी."

जाळ फुसफुसत बसला, वाफेत आम्ही सातही हरवलो.
वाफेपलीकडून त्यांचा आवाज येत होता:
पाळी सुरू व्हायच्या आधी
सळईनं छत ठोकून पाहायचे म्हणे.
खणखणलं तर कामाला लागा,
बोदं बोललं तर पळा.
इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं.

गार झाल्यावर एक कांडी फोडली.
पऱ्हाटीचं पेर तसंच, शिरा तशाच,
बोंडाच्या देठाची खूणसुद्धा जागेवर.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
हे मला लहानपणापासून टोमणा म्हणून ऐकवलं गेलं.
त्या कांडीला कुणी ते म्हणालं असतं
तर ती मान ताठ करून बसली असती.

कोरा मातीत घालू नये.
उपाशी असतो, आधी मातीचंच खातो.
म्हणून पंधरा दिवस शेण, गोमूत्र, गुळाचं पाणी;
पाहुण्याला जेवू घालून मग घरात घ्यायचं.
मुरमाड कोपऱ्यातल्या अर्ध्या एकरात सोळा पोती गेली.

पिकाचं? ते दिवाळीत विचारा.
आज सांगण्यासारखं एवढंच,
की संध्याकाळी मोरीवर दोघांचे हात एकाच साबणाखाली होते.
त्यांच्या नखांतलं काळं कुठल्या जंगलाचं,
किती लाख वर्षांपूर्वी कोसळलेल्या, कोण जाणे.
माझ्या नखांतलं मागच्या जूनमधलं,
ओळीनं टोबलेलं, मोजलेलं.
घासलं, पुन्हा घासलं.
"राहू दे," बाबा म्हणाले,
"हे निघत नसते."
आणि टॉवेल आधी माझ्याकडं दिला.