शून्य कुठून आणायचं

कथिलाची भुकटी. पांढरी, मैद्याहून हलकी,
खलात कुटलेली नव्हे, द्रावणात वाढवलेली.
तिच्या एका ग्रॅमचे सगळे पृष्ठभाग उलगडून अंथरले
तर कसब्यातल्या आमच्या दोन खोल्या झाकून
जिन्यातही थोडी उरेल.
एवढी जागा कशाला?
वासाला टेकायला.

अब्बांना सांगितलं. म्हणाले,
कथीलच ना? मग त्यात नवीन काय?
तांबट आळीच्या तोंडाशी त्यांचा भाता होता.
पातेलं धगीवर धरायचं, नवसागराची चिमूट टाकायची,
पांढरा लोट उठायचा, नाकात सुई शिरायची,
मग कापसाच्या बोळ्यानं कथील असं फिरवायचं
की पातेल्यात बघून मिशा कातरता याव्यात.

त्या धुरात अमोनिया असतो, अब्बा.
माझं कथील नेमका तोच ओळखतं.
ते हसले :
बरोबरच आहे. ओळख आम्हीच करून दिली होती.

पाषाणच्या प्रयोगशाळेत माझी चकती
टाचणीच्या डोक्याएवढी,
खाली हीटर, वर केसाहून बारीक दोन तारा.
तिला आधी शून्य शिकवावं लागतं,
म्हणजे जिच्यात काहीच नाही अशी हवा.
ती पुण्यात मिळत नाही.
वेताळ टेकडीवर पहाटे पाचला जाऊन पाहिलं,
तिथंही कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला.
शेवटी भोसरीहून सिलिंडर येतो, टेम्पोतून,
कांद्याच्या गोणीला टेकून.
वर चिठ्ठी : शुद्ध हवा. रिकामा परत करणे.

मांजरीला, मुळा-मुठेच्या काठी
कौसाबाई घुल्यांचा शेपू आहे, चुका आहे,
आणि थेट नदीत सोडलेला पाइप.
मी बांधावरच्या शेवग्याला डबी टांगली.
पाण्यावर जलपर्णी, जलपर्णीत फेस,
माझ्या नाकावर रुमाल, डोळ्यांना धार.
वास? कसला वास?
कौसाबाई जुड्या बांधत होत्या.
धाकट्या सुनेला यायचा. आठ दिवस.
मग तिलाही नाही.
डबीतला आकडा चढत होता.
त्या आकड्याकडे बघत नव्हत्या,
माझ्या रुमालाकडे बघत होत्या.

वहीत मी लिहून ठेवलंय :
रोज थोडं थोडं चिकटत गेलं
की शून्यच सरकतं.
यंत्र तेव्हा खोटं बोलत नाही,
ते आपल्या नव्या शून्यापासून मोजत असतं, इमानानं.
उपाय : तीनशे अंशांपर्यंत तापवणे.
चिकटलेलं सुटतं.
विसरतं, आणि पुन्हा कळू लागतं.

तिसऱ्या महिन्यात मांजरीच्या पुलावर
रुमाल काढायचाच राहिला.
माझ्या लक्षात आलं नाही, कौसाबाईंच्या आलं.
म्हणाल्या, झालीस की आमच्यातली!
आणि शेपूच्या चार जुड्या दिल्या,
वर एक काळं पडलेलं पितळी पातेलं :
कलईगारांची ना तू? बघ बापाकडून होतंय का.

त्या रात्री झोप लागली नाही.
माणसाला कुठं तापवायचं, किती अंशांवर,
हे कुठल्याच शोधनिबंधात नव्हतं.

रविवारी माळ्यावरून भाता काढला.
चामडं तडकलेलं, तरी फुंकत होता.
डबी मी खिडकीत ठेवली, सिलिंडरच्या हवेनं धुतलेली,
शून्यावर.
अब्बांनी पातेलं धगीवर धरलं,
नवसागराची चिमूट टाकली.

पांढरा लोट.
डबीचा आकडा उडाला.
माझ्या नाकात सुई शिरली, डोळे वाहायला लागले,
मी खोकले, हसले,
आहे, अजून आहे, असं काहीतरी म्हणाले.

अब्बा धुराच्या मधोमध बसलेले,
डोळेसुद्धा न मिचकावता.
पुडी उलटीसुलटी करून पाहत म्हणाले,
नसीमा, नवसागर जुना दिला वाटतं दुकानदारानं.
वासच नाही याला.