गाडी दोन गल्ल्या सोडून लावा

फोनवर आधी आवाज खाली येतो.
"ते… खाटेतले… तुम्ही करता ना?"
ढेकूण हा शब्द शेवटी
मलाच उच्चारावा लागतो.
मग पत्ता. मग अगदी हळू:
"गाडी दोन गल्ल्या सोडून लावा,
आणि तो कंपनीचा शर्ट नको."

मी साधा शर्ट घालून जातो.
पंप भाजीच्या पिशवीत, वर मेथीची जुडी.

इंदिरानगरच्या कुलथेबाईंना वाटलं, अंगात उष्णता वाढली.
दोन महिने सब्जा प्यायल्या.
मनगटावर तीन लाल टिपके, एका ओळीत,
सिटी बसला माणसं उभी असावीत तसे.
म्हटलं, डास असा ओळीत जेवत नाही.

टॉर्च, आणि बंद पडलेल्या पतपेढीचं जुनं कार्ड,
एवढीच माझी खरी अवजारं.
कार्ड शिवणीतून फिरवायचं हळू,
आजारी माणसाच्या केसांतून फणी फिरवावी तसं.
काळा ठिपका दिसला की ओल्या चिंधीने पुसायचा;
शाईसारखा पसरला, तर समजायचं.
खसखशीएवढी अंडी. टाकून दिलेल्या काती,
कांद्याच्या पापुद्र्यासारख्या
(मी लासलगावचा, पापुद्रे ओळखतो).
आणि दिवाणाचं फळकूट उचललं की तो वास,
सडत चाललेल्या कोथिंबिरीचा, किंचित गोड.

जेलरोडला नवं जोडपं.
भद्रकालीतून जुना पलंग आणलेला, तीन हजार वाचवून.
"मी रोज फरशी पुसते हो," मुलगी म्हणाली.
ताई, त्याचं फरशीशी काही वाकडं नाही.
त्याला तुमची ऊब लागते आणि एक फट.
घेण्याआधी पलंग उलटा करून बघायचा होता, एवढंच.

प्रेसमधून निवृत्त झालेले बागूलकाका:
गादीवर रॉकेल शिंपडलेलं
आणि उशाशी उदबत्ती.
मी आधी उदबत्ती विझवली, मग नमस्कार केला.
ढेकूण सुखरूप होते, भिंतीवर,
काकूंच्या हार घातलेल्या फोटोमागे.
"तिला हात लावू नका."
मग स्वतःच स्टुलावर चढले, स्वतःच उतरवला,
जुन्या बनियनने चौकटीची कड न् कड पुसली.
खूप वेळ.
त्या दिवशी मी बिल दिलं नाही, त्यांनी मागितलं नाही.

सगळ्यांना सांगतो, तोंडपाठ झालंय:
चादरी कडकडीत पाण्यात, शिवणींना वाफ,
फटींत पांढरं सिमेंट, पलंग भिंतीपासून वीतभर लांब.
गावाहून आलात की बॅग अंथरुणावर नाही.
आणि पंधरा दिवसांनी मी परत येणार,
अंड्यांवर माझं औषध चालत नाही, पिल्लं निघू द्यावी लागतात.
माना डोलावतात.
पंधरा दिवसांनी फोन उचलत नाहीत.

परवा सातपूरला, माझ्याच घरी,
वैजयंताने खांद्यावरचा पदर बाजूला केला.
"हे काय उठलंय बघा."
तीन. ओळीत.
मी टॉर्च लावला नाही.
अकरा वर्षं कामावरून येतो
आणि अवजारांची पिशवी
पलंगावरच फेकतो.

ती आधी हसली, पोट धरून.
मग म्हणाली, "शेजारी कुणाला बोलू…"
आणि माझ्याकडे बघून थांबली.

आमची न् आहेरांची भिंत एकच.
विजेच्या बोर्डामागून पलीकडे जायला
त्याला एक रात्र पुरते.

मी कंपनीचा शर्ट घातला, वरपर्यंत बटणं लावली,
पंप उघडा हातात घेतला, मेथीबिथी काही नाही,
आणि आहेरांची कडी वाजवली.

वहिनी शर्टाकडे बघत राहिल्या, मग पंपाकडे,
मग दार पूर्ण उघडलं:
"महिना झाला ह्यांना सांगतेय!
पण भाऊजी, तुम्हालाच फोन
कुठल्या तोंडाने करायचा?"