सारांश, अडीचशे शब्दांत

सारांशाला अडीचशे शब्द. माझे दोनशे एकोणनव्वद.
शीर्षक धरून की सोडून, ते सूचनापत्रात नाही.
विषय: तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची रीत,
वेंगुर्ला ते निवती, तीन हिवाळे आणि एक मे महिना.
मुदत रात्री अकरा एकोणसाठ, 'पृथ्वीवर कुठेही'.
म्हणजे दिवस जिथे सगळ्यात उशिरा संपतो
त्या कुठल्याशा ओसाड बेटाची मध्यरात्र,
आणि आमची दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ,
पाच एकोणतीस.

रीत मला जयवंती कुबलने शिकवली,
उभादांड्याला, लिलावाच्या ओट्यावर,
पालथ्या क्रेटवर बसून.
तिथीची पाऊणपट कर. चवथ, तीन. आठम, सहा.
पुनवेक सवा अकरा. झाला.
मी वहीत लिहिलं:
स्त्री, वय अंदाजे साठ, माहितीदार क्रमांक चार.

आता शब्द काढते आहे.
'महत्त्वपूर्ण' गेला, कुणाला कळलंही नाही.
'प्रस्तुत', 'सदर', 'या अनुषंगाने'
मोठ्या आसाच्या जाळ्यातून तारल्या जाव्यात तसे गेले.
'भांग' ठेवायलाच हवा, पण त्याचा अर्थ द्यावा लागतो:
अष्टमीच्या आसपासचं, अंगात जोर नसलेलं पाणी.
सहा शब्द.
'सुकती'ची 'ओहोटी' केली तर एकही वाचत नाही,
फक्त वास जातो.
कार्यपद्धती: अर्धसंरचित मुलाखती.
(मी दोन तास कोळंबी सोलत होते
आणि ती बोलत होती.)

मग सहलेखक. तारांकित रकाने.
नाव लिहिलं. संस्था: सागरतीर मच्छीमार सोसायटी.
ईमेल सोसायटीचाच,
जो डिझेलच्या परताव्यापुरता उघडतात.
उपाधीच्या यादीत प्राध्यापक होते, डॉक्टर होते,
एक निवृत्त न्यायमूर्तीसुद्धा.
मी 'इतर' निवडलं.
मग सारांशातून 'माहितीदार क्रमांक चार' खोडलं.
बरोबर दोनशे पन्नास.

दुपारी नेट गेलं.
पाचला लॅपटॉप घेऊन बंदरावर आले, तिथे रेंज धरते.
जयवंती बर्फ फोडत होती.
'सातम आज,' पाण्याकडे न बघता म्हणाली,
'सवा पाचाक पुरा भरतला. तुमचा काय ता त्याआधी धाडा.'
पाच चौदाला पडद्यावरचं गोल फिरतच होतं.
पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला टेकलं
आणि तिथेच राहिलं.
फॉर्म म्हणाला, मर्यादा ओलांडली, दोनशे एक्कावन्न.
कुठून आला हा एक? वरून खाली दोनदा वाचलं.
सापडला नाही.
शेवटी 'सवा' आणि 'अकरा' एकमेकांना चिकटवले.
पाच एकवीस. पोचपावती.

तोवर पायरी ओली दिसायला लागली होती.

'परिषद कदी?' तिने विचारलं.
तारीख सांगितली. पेरांवर अंगठा फिरला.
'नवम. भांगच तो. मासळी बेताचीच आसतली. येतलंय मगे.'
निकाल दीड महिन्याने, हे मी सांगितलं नाही.
कॉलेज एकाच माणसाचं भाडं देतं, शयनयानाचं,
तेही मागाहून, तिकीट जोडल्यावर,
हेही नाही.
'थय दर्या आसा?'
नाही, म्हटलं. पठार आहे.
'मगे थयले लोक भरती कित्याक इचारतत?'

मी काही बोलायच्या आत
सोसायटीतून मेघश्याम धावत आला, चष्मा कपाळावर,
हातात छापलेला कागद, अजून गरम.
'जयवंते, डिझेलचा कायतरी इला वाटता.
इंग्रजीत आसा.
आणि वर तुझा नाव आसा.'