बापाचा रक्तगट

कुपी एकच उरली आहे.
खिडकीबाहेर दोन पुरुष बर्फ,
पण वीज गेली तरी ती बर्फात ठेवता येत नाही.
गोठली की संपली.
म्हणून तळघरात, चीजच्या परडीमागे,
शेजारी थर्मामीटर.
दर दोन तासांनी मी कंदील घेऊन उतरते,
तापलेल्या पोराचं अंग चाचपावं तशी.

झुगदिदीचा रस्ता दरडीच्या बर्फाने गिळलाय.
फोनवर डॉक्टर म्हणाले, पुरवून वापरा.
आधी बापाचं रक्त विचारा.
तोही निगेटिव्ह असेल तर त्या बाईला सुई नको,
तेवढी एक वाचेल.

सोपं आहे.

नाझिब्रोला, अठ्ठाविसावा आठवडा, नवरा पॉझिटिव्ह.
लामारा, अठ्ठाविसावा आठवडा, नवरा निगेटिव्ह.
गोचाचं सैन्यातलं कार्ड तिनेच आणलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
फोटोत विशीतला गोचा, कान पुढे आलेले.

म्हटलं, सुटलीस, टोचायला नको.
ती उठली नाही.
शेगडीत लाकूड सरकवलं, सरकवायची गरज नसताना.
"समजा, कार्ड चुकीचं असेल?"
"सैन्यवाले रक्तात सहसा चुकत नाहीत."
"समजा."

अशा वेळी सुईणीला जरा कमी ऐकू येतं.
एकतीस वर्षांत पुष्कळ बाळं पाहिली,
कुणाचं नाक भलत्याच घरून आलेलं,
आणि "आजोबांवर गेलंय" हे
घरच्यांच्या आधी मीच म्हटलंय.

हे पोर बहुधा सुखरूप येईल.
आईचं रक्त पहिल्याला सोडून देतं,
फक्त नाव लिहून ठेवतं,
आणि पुढच्याकडून वसूल करतं.

कुपी नाझिब्रोलाची. तिचं सगळं कागदावर आहे.
लामाराला मी एवढंच म्हटलं,
बाळ झाल्यावर बहात्तर तास हातात असतात,
आणि त्याच्या नाळेचं रक्त खोटं बोलत नाही,
पण ते मला एकटीलाच सांगतं.
तोवर रस्ता उघडेल. यादीत नाव हवं, बस.

वही काढली.
बापाचा रक्तगट, या रकान्यात
माझ्या सुबक अक्षरात लिहिलं:
माहीत नाही. कार्ड पाहिलं नाही.

कार्ड तिच्या हातात परत दिलं.
नीट ठेव, म्हटलं.
किंवा नको ठेवूस.

ती गेल्यावर खाली उतरले.
चार अंश.