रिटच

ग्युमरीत, चर्चमागच्या बोळात, माझा स्टुडिओ.
चाळीस वर्षं टोकदार शिसपेन्सिलीनं
निगेटिव्हवरच मिटवत आलो लोकांच्या
सुरकुत्या, देवीचे वण, जागरणं.
कला म्हणायचो याला.

परवा शुशान आली, माझाच जुना फोटो घेऊन:
वार्दगेस, नितळ, नवरदेवासारखा.
"हनुवटीवरचा व्रण कुठंय?
काळा दगड फोडताना कपची उडालेली.
अंधारात मी तोच चाचपायची."

निगेटिव्ह सापडली.
कापसाच्या बोळ्यानं माझं शिसं पुसलं,
खाली तो होताच.

ट्रेमध्ये वार्दगेस उमटत गेला,
आधी केस, कॉलर,
मग उशिरानं हनुवटी.

शुशानचं बोट थेट तिथंच टेकलं.
ओला आहे, हात लावू नका,
म्हणायचं राहूनच गेलं.