एका कपाचं आधण

किटलीच्या काचेवर मी एक रेघ आखली.
पाणी रेघेखाली असलं की हिरवा दिवा,
वर गेलं की नारिंगी.
लाल नको, हे मीच भांडून ठरवलेलं.
लाल दिव्याला माणसं आधी दचकतात,
मग त्यावर फडकं टाकतात.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही,
हे मी मीटिंगमध्ये इंग्रजीतून सांगून पाहिलं.
कुणी हसलं नाही.
आम्हाला पगारच ती म्हण खोटी पाडायचा.

नोव्हेंबरात टॉडमॉर्डनमधल्या चाळीस घरांत
चाळीस किटल्या पोचल्या.
बत्तीस घरं हळूहळू हिरवी झाली,
सहांनी किटली पोटमाळ्यावर टाकली,
एक साभार परत आली.
उरलं घर नंबर सतरा:
रोज पहाटेच्या अंधारात, सव्वासातला, नारिंगी.
एकटी बाई, वय एक्याऐंशी,
आधण दोन कपांचं.

मी अहवालात लिहिलं, दिवंगत पतीचा कप.
लिहिताना माझाच गळा दाटला.
गॅरेथनं वाचून चष्मा काढला,
म्हणाला, दुःखासाठी एक वेगळं बटण देऊ या.

जानेवारीत मी तिच्या दारात उभी, सातला, कुडकुडत.
एनिड हॅल्स्टेड. गुडघ्यापर्यंत कोट, पायात सपाता.
"फ्रँकचा कप? अगं, तो जन्मभर कॉफी प्याला.
तीही गार करून."

तिनं एक कप चहाचा ओतला, झाकून ठेवला,
आणि उरलेलं पाणी घेऊन
मला मागच्या अंगणात नेलं.
दगडी परातीत रात्रीचा बर्फ.
कडेकडेनं तिनं धार सोडली, घावन सोडवावं तशी.
बर्फ करकरला,
अख्खी चकती सुटून आली.
कुंपणावर एक रॉबिन,
छाती फुगवून, आधीच हजर.

"पूर्वी दार उघडून बोलवावं लागायचं," ती म्हणाली.
"आता खिडकीत तुझा दिवा नारिंगी झाला
की येऊन बसतो.
आठवडाभरात शिकला."

परतीच्या गाडीत अहवाल उघडला.
दिवंगत पती खोडला.
कारणाच्या रकान्यात पर्याय तीन:
विसर, हट्ट, इतर.
हेब्डन ब्रिज आलं, गेलं.
वापरणाऱ्यांची संख्या मात्र
मी चाळीसची एक्केचाळीस केली.